सरकीची थैली आणि फोटोशॉपचं भाडं

आमच्या भागात डिझाइनचे पैसे वेगळे मागायची पद्धत नाही. फ्लेक्स फुटावर छापतात, पत्रिका शेकड्यावर आणि लग्नाचा अल्बम शीटवर. दहा बाय आठचा वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे ऐंशी फूट, फुटाला बारा-पंधरा रुपये, फ्रेम वेगळी. भाऊंचा मोबाईलवर काढलेला फोटो घ्यायचा, मागची भिंत खोडायची, चेहरा उजळायचा, पंचवीस शुभेच्छुकांचे गोल फोटो खाली ओळीत बसवायचे, कोणाचं नाव कोणाच्या वर यावरून दोनदा सगळं हलवायचं. हे सारं फुटाच्या भावात आलंच असं गिऱ्हाईक धरून चालतं. एका फ्लेक्समागे डिझाइन करणाऱ्याच्या हातात शंभर-दोनशे रुपये पडले तरी तो दिवस बरा गेला म्हणायचा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात डीटीपीचं दुकान चालवते. पत्रिका, फ्लेक्स, करिझ्मा अल्बम, शाळांच्या स्मरणिका, ग्रामपंचायतीचे फलक, जे येईल ते. माझ्या धंद्यातली सगळ्यात महाग वस्तू दुकानात दिसत नाही. एकट्या फोटोशॉपचं भाडं करासकट महिन्याला दोन हजारांच्या घरात जातं. ते बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीची सगळी ॲप्स घ्यायची म्हटली तर दुपटीहून जास्त. फ्लेक्स-पत्रिका मांडायच्या कोरल सॉफ्टवेअरचं आणखी वेगळं. दुकानात कामाला ठेवलेल्या ऑपरेटरचा पगार आठ-दहा हजार असेल, तर त्याच्या हातातल्या अवजाराचं भाडं त्याच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत पोचतं. शिवाय हे भाडं महिन्याचं आहे आणि आमची कमाई हंगामाची. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू होतात, कापूस विकून घरात पैसा आला की अल्बमचे पैसे सुटतात, उन्हाळ्यात मान वर करायला वेळ नसतो. आषाढ-श्रावणात मात्र दिवसाला एखादा सातबारा छापायला माणूस आला तर आला. त्या महिन्यांतही भाडं तेवढंच कापलं जातं.

एवढे पैसे कशाचे, या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर आहे: कंपन्या लुटतात, दुसरं काय. मला ते उत्तर पुरत नाही. जे अवजार मी दिवसातले दहा तास वापरते त्याच्यात काय आहे हे मला दिसतं, आणि जे दिसतं ते स्वस्त नाही.

नवरीच्या पत्रिकेवरचा एक शब्द घ्या, सौभाग्यकांक्षिणी. टाइप करताना क, मग हलन्त, मग ष आणि त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने कळा दाबायच्या. कागदावर मात्र वेलांटी सगळ्यात आधी उभी राहायला हवी, आणि तिच्या पुढ्यात क आणि ष एकजीव होऊन क्ष व्हायला हवा. आर्णी लिहिताना र आधी टाइप होतो, पण त्याचा रफार उडी मारून ण आणि दीर्घ वेलांटी यांच्या डोक्यावर बसतो. ही उलथापालथ दर अक्षरामागे, क्षणभरात, न चुकता व्हावी लागते. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं सेटिंग बंद असेल तर काय होतं ते पाहायला मिळतं: वेलांटी भलत्या बाजूला जाते, क च्या पायाशी हलन्त लोंबकळत राहतो आणि नवरीचं नाव वाचता येत नाही. देवनागरीचा प्रत्येक नियम कुणीतरी बसून ओळीओळीने लिहून काढला आहे. आमच्या आधीच्या पिढीने तर वेगळ्याच पद्धतीने काम केलं. श्रीलिपीसारखी पॅकेजं, संगणकाच्या मागे किल्लीसारखं खोचलेलं डोंगल, आणि अक्षरांचे तुकडे हाताने जोडायचे. डोंगल हरवलं की दुकान बंद. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामाईक तक्त्यात, देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आमच्या टेबलावर ती यायला कितीतरी वर्षं गेली, कारण नुसता तक्ता असून भागत नाही, जोडाक्षर जुळवणारं यंत्र आत लागतं.

रंगाचंही तसंच. १४ एप्रिल जवळ आला की आमच्या भागात जयंतीच्या फ्लेक्सची कामं रात्रंदिवस चालतात, आणि त्यातला निळा हा निळाच यावा लागतो. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने. पडद्यावर सुरेख दिसणारा निळा चार शाईंमध्ये उतरताना मॅजेंटा जास्त झाला की जांभळा पडतो. सायन शंभर ठेवून मॅजेंटा साठच्या खाली आणायचा हे ऑपरेटर अनुभवाने शिकतो. पण कोणत्या शाईवर, कोणत्या कापडावर, कोणत्या मशीनवर रंग किती सरकेल याचं गणित सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. रंगांच्या प्रोफाइलचं प्रमाण ठरवायला १९९३ मध्ये कंपन्यांनी मिळून एक मंडळच स्थापन केलं होतं. जयंतीच्या दिवशी चौकात लागलेल्या बॅनरचा निळा बरोबर उतरतो, त्यात त्या लोकांचीही मेहनत आहे. मी त्यांचं नाव घेते.

फोटोशॉपची सुरुवात दोन भावांनी केली. थॉमस नोल मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत होता आणि जॉन नोल सिनेमाच्या स्पेशल इफेक्टच्या कामात होता. १९९० च्या फेब्रुवारीत ॲडोबीने पहिली आवृत्ती बाजारात आणली. त्या आवृत्तीचा मूळ कोड अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१३ मध्ये लोकांसाठी खुला केला. साधारण १ लाख २८ हजार ओळी, बऱ्याचशा पास्कल भाषेतल्या. मी प्रोग्रामर नाही, पण एवढ्या ओळी म्हणजे काय ते मला शाळेच्या स्मरणिकेची प्रुफं वाचताना कळतं. आणि ही झाली पहिली आवृत्ती. त्यानंतर दर नव्या कॅमेऱ्याची रॉ फाईल उघडायला हवी, दर नव्या विंडोजवर चालायला हवं, नव्या चिपवर पुन्हा जुळवायला हवं. ज्ञानाला पैसे पडायला हवेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्याच ज्ञानाला फुटाच्या भावात पैसे मिळत नाहीत म्हणून मी रोज चरफडते. मग दुसऱ्याच्या ज्ञानाला फुकट कसं म्हणू?

तरीही खर्च आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रत बनवायला अफाट खर्च येतो, दुसरीपासून पुढच्या प्रतींना जवळपास काहीच नाही. फ्लेक्सला दर फुटामागे कापड आणि शाई लागते, सॉफ्टवेअरला दर प्रतीमागे काही लागत नाही. त्यामुळे किंमत ठरवताना आपला खर्च किती यापेक्षा समोरच्याला किती परवडेल याकडे कंपनीचं लक्ष असतं. ॲडोबीचं २०२४ या आर्थिक वर्षाचं उत्पन्न साडेएकवीस अब्ज डॉलर होतं. त्यातल्या दर शंभर डॉलरमागे संशोधनावर साधारण अठरा खर्च झाले आणि विक्री-जाहिरातीवर त्याहून बरेच जास्त. म्हणजे मी जे भाडं भरते त्यातला मोठा वाटा सौभाग्यकांक्षिणी नीट जुळवण्यासाठी जात नाही.

आणि ज्याला परवडेल तो गिऱ्हाईक कोण? अमेरिकेतला नोकरदार डिझाइनर त्या सगळ्या ॲप्सचं महिन्याचं भाडं दोन-तीन तासांच्या मजुरीत मिळवतो. भाव त्याच्या खिशाकडे पाहून ठरतो, मग तो थोडा कमी करून आमच्याकडे येतो. कधीकधी कमी करूनही येत नाही. ऑस्ट्रेलियात तर उलटंच झालं होतं. तीच वस्तू, तीच डाउनलोड, पण अमेरिकेपेक्षा कितीतरी महाग. २०१३ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबीला समन्स काढून बोलावलं आणि जाब विचारला. विमानाने अमेरिकेत जाऊन ॲडोबीच्या क्रिएटिव्ह सूटचा मोठा संच विकत घ्यावा आणि परत यावं हे सिडनीत घेण्यापेक्षा स्वस्त पडेल, असा हिशेब तेव्हा तिथे लोकांनी मांडला होता. त्या संचाची, सीएस६ मास्टर कलेक्शनची, अमेरिकेतली किंमत २,५९९ डॉलर होती. एकदा घेतला की तो आपला. त्याच वर्षी, २०१३ च्या मे महिन्यात, कंपनीने जाहीर केलं की या संचातल्या अवजारांच्या नव्या आवृत्त्या यापुढे विकत मिळणार नाहीत, फक्त भाड्याने मिळतील.

हे भाड्याचं प्रकरण मी माझ्या दादाला समजावून सांगत होते. दादाची सहा एकर शेती आहे, सगळी कोरडवाहू, कपाशी आणि तुरीची. त्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, थ्रीडी ॲनिमेशन शिकायचं आहे. नागपूरच्या क्लासची फी ऐकून दादा आधीच गप्प झाला होता, त्यात सॉफ्टवेअरचा विषय निघाला.

"काऊन व," तो म्हणाला, "त्या सॉफ्टवेअरले एवढे पैसे काऊन लागते? त्याच्यात असते तरी काय?"

मी सांगितलं, डोकं असतं, कोणाचं तरी. दरसाल पैसे भरायचे, नाही भरले तर उघडत नाही.

"म्हणजे सरकीची थैलीच झाली मंग ते," दादा म्हणाला. "दरसाल नवी घ्या."

तो हे सहज बोलला, पण मला वाटतं या प्रश्नावर मी आजवर ऐकलेलं सगळ्यात नेमकं बोलणं ते होतं. विदर्भातल्या शेतकऱ्याला न दिसणाऱ्या गोष्टीची किंमत मोजायची सवय पंचवीसेक वर्षांपासून आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमची थैली, एकराला एक. सुरुवातीला ती थैली सोळाशे-अठराशे रुपयांना पडायची, आणि त्यातला मोठा हिस्सा सरकीचा नव्हताच, सरकीच्या आत घातलेल्या जनुकाच्या रॉयल्टीचा होता. संकरित वाण असल्यामुळे घरची सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरण्यात अर्थ नाही, पीक उतरतं. दर जूनला दुकानात रांग लावायची. माझ्या आजोबांच्या काळी बी घरात कणगीत असायचं. वडिलांच्या काळी ते दुकानातून येऊ लागलं. दादाच्या काळी त्याचा परवाना झाला.

पण थैलीच्या बाबतीत पुढे जे झालं ते सॉफ्टवेअरच्या बाबतीत झालं नाही. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे दाद मागितली आणि थैली ७५० रुपयांवर आली. २००९ मध्ये महाराष्ट्राने कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतःचा कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने दर नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ मध्ये बीजी-२ ची, म्हणजे बीटीच्या पुढच्या पिढीची, थैली ८०० रुपये ठरली, त्यात रॉयल्टी अवघी ४९ रुपये. २०२० मध्ये रॉयल्टी शून्यावर आली, तेव्हा थैली ७३० ला होती. त्यानंतर भाव पुन्हा चढले आहेत, बोंडअळीनेही जनुकाला दाद देणं सोडलं आहे, आणि दर खाली ओढल्याने नवं संशोधन आटलं असं म्हणणारे लोकही आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल. मला एवढंच दिसतं की ज्ञानाची किंमत ही देवाने ठरवलेली नसते. तीच सरकी, तेच जनुक, आणि रॉयल्टी हजारावरून एकोणपन्नासवर येऊ शकते. सरकार, न्यायालय, कंपनी आणि शेतकरी यांच्यात कोण किती जोर लावतो त्यावर आकडा हलतो. आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांसाठी तो जोर कोणीच कधी लावला नाही. आमची संघटना नाही, आमचा मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेलेला नाही.

दादाने आणखी एक फरक बरोबर पकडला. "सरकी पेरली त उगवते तरी," तो म्हणाला. "याचे पैसे थांबले का बंदच?" हो, बंदच. मागच्या तीन लग्नसराईंचे अल्बम माझ्या हार्डडिस्कवर आहेत, माझ्या हातचे आहेत, पण ते लेयरसकट जसेच्या तसे उघडायचे तर भाडं चालू हवं. नवरदेवाच्या बापाने दोन वर्षांनी एक शीट बदलून मागितली तर मला आधी ॲप सुरू करावं लागेल. अमेरिकेत तर २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲडोबीवर दावा लावला. महिन्याच्या हप्त्यासारखी दिसणारी योजना प्रत्यक्षात वर्षाचा करार आहे आणि मध्येच सोडल्यास दंड भरावा लागतो हे गिऱ्हाइकापासून झाकलं, असा तो आरोप.

मग लोक सोडून का देत नाहीत? इथेच खरी मेख आहे, आणि ती कॅलिफोर्नियात नाही, यवतमाळच्या फ्लेक्सच्या मशीनवर आहे. माझ्याकडे छपाईचं मोठं मशीन नाही. मी फाईल पाठवते, तिथला ऑपरेटर छापतो. तो म्हणतो, "कोरलची फाईल टाका ताई, टेक्स्ट कर्व्ह करून, व्हर्जन खाली करून." त्याच्याकडचं कोरल जुनं आहे, म्हणून मी नव्यात केलेलं जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करायचं. त्याच्याकडे माझा फॉन्ट नाही, म्हणून अक्षरांचे आकार करून टाकायचे, नाहीतर तिकडे मराठीच्या जागी चिन्हांचा चिखल उघडतो. कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होतं. मग आडनावात एक काना चुकला असेल तर तो तिथे सुधारता येत नाही, पुन्हा इथूनच फाईल. हे सगळं आम्ही मुकाट करतो, कारण दिग्रसचा तसंच करतो, दारव्ह्याचा तसंच करतो, क्लासमध्ये तेच शिकवतात आणि नव्याने लागलेल्या पोराला तेवढंच येतं. कॅनडातल्या ओटावात १९८९ मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर आमच्या जिल्ह्याची बोलीभाषा होऊन बसलं आहे. जो एकटा ती सोडेल त्याचीच फाईल परत येईल. महागडं अवजार टिकून राहतं ते या ये-जा करणाऱ्या फाईलच्या जोरावर.

कंपन्यांनाही हे चांगलं कळतं. १९९४ मध्ये ॲडोबीने ऑल्डस घेतली, जिच्या पेजमेकरवर आमचा डीटीपी हा धंदाच उभा राहिला. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया घेतली, आणि ॲडोबीच्या इलस्ट्रेटरच्या तोडीचं तिचं फ्रीहँड हळूहळू संपलं. बाजारात पर्याय जितके कमी तितकं भाडं वाढवणं सोपं.

आता चोरट्या प्रतींबद्दल बोलायलाच हवं. आमच्या भागात कापसाच्या हंगामात बिनपरवान्याचं, तणनाशक सहन करणारं बियाणं गुपचूप येतं, लोक त्याला चोर बीटी म्हणतात. बिल नाही, उगवलं नाही तर तक्रार नाही. सॉफ्टवेअरचा क्रॅक हा तसाच पेनड्राइव्हवरून फिरतो. अँटिव्हायरस बंद करा, ही फाईल त्या फोल्डरमध्ये टाका, इंटरनेट तोडा. कायद्याच्या दृष्टीने हे किरकोळ नाही. कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमाखाली अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. तालुक्याच्या गावात सहसा धाड पडत नाही म्हणून कोणी घाबरत नाही. माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरच्या मशीनमध्ये क्रॅकसोबत काहीतरी घुसलं आणि एका लग्नाचे सगळे फोटो कुलूपबंद झाले. नवरीच्या आईला तो काय सांगणार होता?

पण माझा क्रॅकवरचा राग याहून वेगळ्या कारणासाठी आहे. क्रॅकने मोठ्या कंपनीचं फारसं बिघडत नाही. उलट तिच्या अवजाराची सवय फुकटात गावोगाव पसरते, आणि पुढे कधीतरी मोठ्या शहरात नोकरी लागली की तोच ऑपरेटर तेच अवजार मागतो, तिथे कंपनी रीतसर पैसे भरते. क्रॅकने मरतं ते चित्रं-अक्षरं काढायचं खुलं इंकस्केप, मरतं ते पानं मांडायचं खुलं स्क्रायबस. महागडी वस्तू शून्य रुपयांत मिळत असेल तर जी खरोखर शून्य रुपयांची आहे, हक्काने आपली आहे, तिच्याकडे कोण वळेल? आमच्या जिल्ह्यात वीस वर्षं हेच झालं. लोकांनी मोकळी अवजारं वापरून पाहिली आणि नाकारली असं घडलंच नाही. ती कोणी उघडलीच नाहीत.

आणि त्यांच्यात किती ताकद आहे! हार्फबझ नावाचं एक इंजिन आहे, जोडाक्षरं जुळवणारं, सगळ्यांसाठी खुलं. अँड्रॉइड फोनवर मराठी दिसते ती त्याच्यामुळे, फायरफॉक्स आणि क्रोममध्येही तेच. आणि आता फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनच्या आतही ते आहे. म्हणजे सौभाग्यकांक्षिणीतली वेलांटी जागेवर नेणारं ज्ञान लोकांनी खुलेपणाने लिहिलं, आणि भाड्याच्या अवजारातही तेच बसलं आहे. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या गटाने केलेला मुक्त परवान्याचा मुक्ता फॉन्ट मी पत्रिकांना वापरते. कित्येक वर्षं विकतच्या फॉन्टवर जे जमत नव्हतं ते त्याच्यावर नीट जमतं.

भाच्याला मी ब्लेंडर दाखवलं, थ्रीडीचं मोकळं सॉफ्टवेअर. त्याची गोष्ट मला फार आवडते. हॉलंडच्या टॉन रोझेंडालने ते आपल्या स्टुडिओसाठी बनवलं, पुढे त्यावर कंपनी निघाली आणि २००२ मध्ये ती बंद पडली. गुंतवणूकदार म्हणाले, एक लाख युरो द्या आणि कोड घेऊन जा. रोझेंडालने जगभरातल्या वापरणाऱ्यांना हाक दिली. सात आठवड्यांत रक्कम जमली, आणि १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर सगळ्यांचं झालं. २०२५ मध्ये ॲनिमेशनचा ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरवरच बनला आहे. याच कामासाठी मोठे स्टुडिओ माया वापरतात, तिचा परवाना वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास. दादाच्या सहा एकरांत कापूस चांगला झाला तरी एवढा पैसा हातात उरत नाही.

मोकळ्या अवजारांत सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. इंकस्केप आतून पडद्याच्याच रंगात काम करतं, त्यामुळे जयंतीचा निळा मी त्याच्या भरवशावर सोडत नाही. मांडणी स्क्रायबसमध्ये नेते, तिथे चार शाईंचे आकडे हाताने घालते आणि पीडीएफ काढते. दोन पायऱ्या वाढतात. करिझ्मा अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या शीटवर नवरीचे मोकळे केस पार्श्वभूमीतून सोडवायचे असतील तर माझा हात अजूनही फोटोशॉपकडे जातो, आणि त्याचं भाडं मी भरते. व्हिडिओवाल्या मुलांना मी दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती सुचवते. ती कंपनी कॅमेरे आणि यंत्रं विकून कमावते, म्हणून तिला सॉफ्टवेअर फुकट देणं परवडतं. ॲफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअरही कॅन्व्हाने घेतल्यावर २०२५ च्या ऑक्टोबरपासून फुकट झालं आहे. चांगलंच आहे, पण कंपनीने दिलेलं फुकट आणि हक्काचं मोकळं यांत मी फरक करते. पहिलं एका बैठकीत परत घेता येतं.

मला जे हवं आहे ते अशक्य नाही. माया बनवणाऱ्या ऑटोडेस्कने आणि थ्रीडीच्याच हूडिनीच्या कंपनीने इंडी नावाचा परवाना ठेवला आहे. वर्षाची कमाई १ लाख डॉलरच्या आत असेल तर तेच सॉफ्टवेअर कितीतरी कमी पैशांत. म्हणजे गिऱ्हाइकाची कमाई पाहून दर लावता येतो, हे त्यांनीच मान्य केलं आहे. फोटोशॉप आणि कोरल यांनी विद्यार्थ्यांसाठी सवलत ठेवली, तशी तालुक्याच्या दुकानासाठीही ठेवावी. महिन्याला तीनशे-चारशे रुपये असेल, आणि पावसाळ्याचे चार महिने थांबवता येत असेल, तर मी पहिल्या दिवशी भरीन. माझ्या ओळखीतले कितीतरी जण भरतील. रोज रात्री अँटिव्हायरस बंद करून धडधडत्या छातीने काम करायची हौस कोणालाच नाही. आयटीआयमध्ये डेस्कटॉप पब्लिशिंगचा ट्रेड आहे, गावोगाव डीटीपीचे क्लास आहेत. तिथे कोरलच्या जोडीला इंकस्केप आणि स्क्रायबसही शिकवलं तर दुसऱ्या वर्षी लागणारा ऑपरेटर दोन्हीकडे चालेल, आणि मग भाड्याचा आकडा ठरवताना समोरच्याला थोडा विचार करावा लागेल.

तोवर आम्ही आमच्या हातातलं करायचं ठरवलं आहे. यवतमाळच्या दोन फ्लेक्सवाल्यांशी बोलणं झालं आहे. चार शाईंची, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ आली तर कोरलची फाईल मागणार नाही, एवढं एकाने कबूल केलंय. दुसरा म्हणतो आधी चार फायली छापून पाहू. दिवाळीनंतर पहिल्या रविवारी दिग्रस, आर्णी, दारव्हा इकडच्या डिझाइन करणाऱ्यांना मी माझ्या दुकानात बोलावलं आहे. भाचा ब्लेंडर आणि स्क्रायबस दोन्ही दाखवणार आहे, मशीनवाला दादाही यायचं म्हणतोय. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपली एखादी अडलेली फाईल आणि तिचा फॉन्ट पेनड्राइव्हवर सोबत आणावा. जयंतीची असेल तर आधी तीच उघडू.